नऊ नंबरची पेटी

जानेवारीत सोन्याचा बाजार भरतो तेव्हा
विचेन्झात खोली मिळत नाही, टॅक्सी मिळत नाही,
धुकं तेवढं मुबलक.
गावाबाहेरच्या मंडपांत काचेमागे काच,
दुबईचे, इस्तंबूलचे खरेदीदार
डोळ्याला भिंग लावून साखळ्या पाहतात.
साखळी आता मीटरवर निघते, यंत्रातून, शेवयांसारखी.

ज्यांचं विमान उशिरा असतं
ते दुपारी आमच्याकडे येतात,
चौकात, हिरव्या तांब्याच्या छपराखाली,
गळ्यातला पास काढायचा विसरून.
तिसऱ्या दालनात माझी खुर्ची आहे.
एकोणीस वर्षं मी म्हणतोय: काचेला हात लावू नका.
चार भाषांत. पाचवीत नुसता हात हलवतो.

बाजाराच्या शेवटच्या दिवशी
एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या.
पासावर नाव पुरुषाचं.
"जावयाचा आहे," मी न विचारताच म्हणाल्या.
बिशपची अंगठी, मोत्यांचे मुकुट,
कुठल्याशा साथीनंतर नवसाला वाहिलेलं चांदीचं इवलं शहर,
सगळं ओलांडून थेट नऊ नंबरच्या पेटीशी.
तिथे कुणी थांबत नाही.
एक खाचा पडलेली फळी, फुंकणी, दोन पकडी.
खाली पाटी: साखळीकाम, घरगुती. अज्ञात स्त्री.

त्यांनी काचेला हात लावला.
मी उठलो. वाक्य तोंडात तयारच असतं.
"उलटी ठेवलीय," त्या म्हणाल्या,
"डावी पकड. अशी धरली तर कडी डोळ्यात उडेल."
आणि हवेत करून दाखवलं.
एक कडी, त्यात दुसरी कडी,
माझ्याशी बोलत होत्या तरी बोटं थांबेनात:
चुलीवर पोलेंता, मांडीखाली पोर, समोर दिवा,
किलोवर मजुरी, शुक्रवारी गाडी,
तोलून द्यायचे, तोलून न्यायचे,
गुंजभर फरक पडला तर चोर आपणच.
नाव सांगितलं, ओंदिना फारेझिन,
जसं काही मी ते कुठे लिहून घेणार होतो.

मग बाकावरून उठण्याआधी
त्यांनी स्कर्टचा ओचा केला,
मांडीवरून तळहाताने काहीतरी गोळा केलं
(काही नव्हतं)
आणि मूठ पर्समध्ये झटकली.

माझ्या मानेवर काटा आला.
आमच्या घरी टेबलावरचं फडकं कधी खिडकीबाहेर झटकलं नाही.
केर कागदात. हात धुतलेलं पाणी बादलीत.
वर्षातून एकदा आई ॲप्रन जाळायची
आणि राखेतून निघेल ते कारखान्याला परत.
झारेकऱ्याची मेहनत, वाटा शून्य.
आमच्या सज्जात चिमण्या येत नसत.
मला वाटायचं, त्यांना आमचं घर आवडत नाही.

मी वहीत नोंद केली: पेटी ९, डावी पकड उलटी.
उत्तर मार्चमध्ये आलं, शिक्क्यासकट:
मांडणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने झालेली आहे.
तोवर मंडपांत दुसरंच प्रदर्शन लागलं होतं,
तंबूंचं की सायकलींचं, मी गेलो नाही.

जूनमध्ये काचा आतून पुसायला काढल्या.
सफाईच्या झोरानाने नऊ नंबर उघडली
आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली,
मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.
पकड वाटलं होतं त्याहून हलकी.
मी ती फिरवली.

पाटी तशीच राहू दिली.
तिला हात लावायला वरून परवानगी लागते.
फक्त काच लागण्याआधी
फळीच्या खाचेतून एक बोट फिरवलं.
धूळ, दुसरं काय असणार.
तरी ते बोट
दिवसभर मी पँटला पुसलं नाही.